इनामगावच्या दुधाच्या दातांपासून एचबीएवनसीपर्यंत

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं आणि इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली. मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत बाळाची हाडं. अशी कोवळी हाडं मातीत फार तग धरत नाहीत, दात मात्र टिकतात. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी हे दात बारकाईने अभ्यासले, आणि काही दुधाच्या सुळ्यांवर त्यांना इनॅमलमध्ये, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणात, खळगे दिसले.

दुधाच्या दाताचं इनॅमल बाळ आईच्या पोटात असतानाच, चौथ्या महिन्याच्या सुमारास तयार व्हायला लागतं. खास पेशी त्याचे थरावर थर चढवत जातात. मधेच आजारपण आलं, उपासमार झाली, की त्या पेशींचं काम अडखळतं आणि तिथे खळगा किंवा रेघ उरते. जन्म होतानाचा ताणसुद्धा इनॅमलमध्ये एक रेघ सोडून जातो. सूक्ष्मदर्शकाखाली ती स्पष्ट दिसते. दात उगवला की या पेशी नाहीशा होतात, म्हणून हाड जसं सांधतं तसं इनॅमल सांधत नाही. जे नोंदलं गेलं ते कायमचं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळाची आबाळ आज कळते ती अशी.

आणि आज? पुण्यातल्या कुठल्याही साठीच्या गृहस्थांची फाइल उघडून पाहा. साखर, बीपी, थायरॉइड, ईसीजी, गुडघ्याचा एक्सरे, सगळं तारीखवार लावलेलं. दातांचा एक कागद त्यात सापडला तर नशीब. दात म्हणजे वेगळं खातं, दुखले की बघू, असा आपला खाक्या. डॉक्टरमंडळीही फार वेगळं वागतात असं नाही.

ही फारकत मूळची नाही. सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग सांगितले आहेत आणि ते शालाक्यतंत्रात, म्हणजे डोळे, कान, नाक यांच्या पंगतीत बसवले आहेत. हिरड्यांचे आजार आणि दातांचे आजार तिथे निरनिराळे मोजले आहेत. दातावर जमणाऱ्या किटणाला दंतशर्करा म्हटलंय आणि ती हिरडीला इजा न करता काढावी, असं वैद्याला बजावलंय. ‘क्लिनिंग केलं की दात हलायला लागतात’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. किटणाच्या आधाराने उभा असलेला दात आधीच हललेला असतो.

युरोपात दात उपटणं हे न्हाव्याचं आणि जत्रेतल्या फिरस्त्यांचं काम होतं. १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच शल्यविशारदाने दातांवर मोठा ग्रंथ लिहिला, दातात अळी असते ही हजारो वर्षांची समजूत खोडून काढली आणि साखरेकडे बोट दाखवलं. पुढे १८४० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंतमहाविद्यालय निघालं, तेच मुळी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाहेर. दंतवैद्यकाला स्वतःची पदवी मिळाली, प्रतिष्ठा मिळाली, पण त्याची चूलही कायमची वेगळी झाली. आपल्याकडे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं दंतमहाविद्यालय काढलं, १९४८ मध्ये दंतवैद्यकाचा स्वतंत्र कायदा आला, आणि तोच साचा इथे रुजला.

यातली गंमत अशी, की शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसाला भूल देण्याची विद्या वैद्यकाला दंतवैद्यांनीच दिली. होरेस वेल्सने १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड वापरून दात काढायला सुरुवात केली, आणि १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टनने ईथरची भूल सर्वांसमक्ष यशस्वी करून दाखवली. दोघेही दंतवैद्य.

मग लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने माँट्रियलमधल्या भाषणात दंतवैद्यांवर तोफ डागली. सोन्याच्या कॅपा आणि ब्रिज म्हणजे पुवावर बांधलेली सोन्याची समाधी, असं त्याचं म्हणणं. सांधेदुखी, रक्तक्षय, पोटाचे विकार, या साऱ्याचं मूळ तोंडातल्या संसर्गात आहे असं तो सांगत होता. कल्पना अगदीच खुळी नव्हती, पण पुरावा तोकडा होता. पुढची दोनेक दशकं लाखो चांगले दात या कल्पनेपायी उपटले गेले. कहर केला तो न्यू जर्सीतल्या ट्रेन्टनच्या मनोरुग्णालयाचा प्रमुख हेन्री कॉटन याने. वेड हे संसर्गातून येतं असं ठरवून त्याने रुग्णांचे दात काढले, तेवढ्याने भागलं नाही तेव्हा टॉन्सिल आणि मग आतड्याचे तुकडेही काढले. त्यात अनेकजण दगावले. त्याने स्वतःचेही काही दात काढून घेतले, म्हणजे माणूस लबाड नव्हता, पुरता पटलेला होता. माझ्या मते ते जास्त भयंकर. नीट चाचण्या झाल्यावर हा सिद्धान्त बारगळला, पण त्याची अशी काही धास्ती बसली, की दात आणि शरीराचा संबंध काढणंच कित्येक वर्षं शहाण्या माणसाला शोभेनासं झालं.

म्हणूनच आज ‘हिरड्या बिघडल्या की हार्ट अटॅक’ असा मेसेज फिरतो तेव्हा कुठला संबंध कितपत पक्का आहे हे पाहिलेलं बरं.

सगळ्यात भक्कम धागा मधुमेहाचा. दंतवैद्य एक बारीक, मिलिमीटरच्या खुणांची सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत अलगद सरकवतो आणि सहायकाला आकडे सांगत जातो: तीन, दोन, पाच. तीनपर्यंत ठीक. चार आणि त्याच्या पुढे म्हणजे हिरडी दातापासून सुटून खिसा झालाय, आत जंतूंनी बस्तान मांडलंय. बत्तीस दातांभोवतीचे हे सुजलेले खिसे उलगडून पसरले, तर गंभीर पायोरियात ती जखम ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरेल असा अंदाज आहे. पायावर एवढी जखम असती तर माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पळाला असता. या जखमेतून सूज वाढवणारी रसायनं रक्तात झिरपत राहतात आणि इन्सुलिनला दाद मिळेनाशी होते. उलट बाजूने, रक्तात साखर जास्त असली की पांढऱ्या पेशी मंदावतात, जखम भरत नाही आणि हिरड्या आणखी बिघडतात. असा हा दुहेरी फास. हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारा आकडा, सरासरी सुमारे ०.४ अंकांनी उतरतो, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलंय. गोळ्या बंद करण्याइतका हा फरक नाही, पण दुसरी गोळी सुरू करावी का, हा विचार चालू असेल तर मोजण्याजोगा नक्कीच आहे.

पुणेकरांना हे जास्त लागू पडतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन यडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला किडकिडीत, आतून चरबी, अशी आपली ठेवण असते आणि ती मधुमेहाला आवतण देते. त्यात दर दोन तासांनी अमृततुल्यचा गोड चहा. प्रत्येक कपानंतर दातांवरचे जंतू साखरेचं आम्ल करतात, आणि लाळ ते निवळवेपर्यंत अर्धा तास सहज जातो. दिवसात साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याची दाताला जास्त झळ बसते.

हृदयाचं प्रकरण जरा नाजूक आहे. तोंडातले काही जंतू रक्तात शिरून हृदयाच्या झडपेला संसर्ग करू शकतात, हे पक्कं. म्हणूनच कृत्रिम झडप बसवलेल्यांना दात काढण्याआधी अँटिबायोटिक देतात. पण रक्तवाहिन्या तुंबण्याचं काय? अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं, की पायोरिया आणि हृदयविकार एकत्र आढळतात खरे, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. सिगारेट ओढणाऱ्याचं दोन्ही बिघडतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. गरोदर बायकांच्या हिरड्यांवर उपचार केल्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं टळतील अशी आशा होती. मोठ्या चाचणीत ती फोल ठरली. उपचार मात्र गरोदरपणात सुरक्षित ठरले.

तोंडाच्या कॅन्सरबाबत तर कारण बोट ठेवून दाखवता येतं. ते कारण शोधण्यात पुणे जिल्ह्याचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फली मेहता, डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आले. कॅन्सरच्या आधी गालाच्या आत पडणारे पांढरे चट्टे तंबाखूशी जोडलेले आहेत, हे अशा पाहण्यांतून ठळक होत गेलं. बायकांमध्ये मिश्री खूप आढळली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, पूड करायची आणि सकाळी दात घासायला घ्यायची. घासणं हे निमित्त, खरी ओढ निकोटिनची, म्हणून दिवसातून चार-चार वेळा बोट तोंडात जातं. असा चट्टा सगळ्यात आधी दंतवैद्याच्या दिव्याखाली दिसू शकतो, पण त्यासाठी दाढ ठणकण्याआधी त्या खुर्चीत बसावं लागतं.

खुर्चीत बसल्यावर आपल्या गोळ्यांची यादी सांगायलाही विसरू नये. रक्त पातळ करणारी गोळी दात काढायचा म्हणून परस्पर बंद करू नये. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारावं. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून किंवा हाडात कॅन्सर पसरला म्हणून बिस्फॉस्फोनेटची इंजेक्शनं सुरू होणार असतील तर काढायचे दात आधी काढून घ्यावेत. ही औषधं चालू असताना दात काढला, तर काही रुग्णांत जबड्याचं हाड उघडं पडतं आणि महिनोन्‌महिने भरून येत नाही. कॅन्सरसाठीच्या मोठ्या डोसात हा धोका जास्त, ठिसूळपणासाठीच्या औषधात बराच कमी.