परसातल्या खोलीचा होमस्टे: गोव्यात अर्ज नेमका कुठे अडतो

पर्यटन खात्याच्या नोंदणीचा अर्ज तसा कठीण नाही. गोवा ऑनलाइन पोर्टलवर खातं उघडायचं, तपशील भरायचे, कागद अपलोड करायचे, शुल्क भरायचं. तरी दरवर्षी चतुर्थी आटोपली की अर्ज परत आलेल्यांची धावपळ सुरू होते, कारण प्रत्येकाला डिसेंबरचा सीझन गाठायचा असतो. परत आलेल्या अर्जांवरचे शेरे वाचून पाहा. बहुतेकांचा पर्यटनाशी काही संबंध नसतो. जमीन कोणाच्या नावावर आहे, घर कोणत्या परवान्याने बांधलं, मागची खोली कधी उठली, एवढंच त्यात विचारलेलं असतं. म्हणून इथे भर कागदांवर दिला आहे, पोर्टलवर कुठलं बटण दाबायचं यावर नाही.

कायदा जुना आहे: गोवा, दमण आणि दीव पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, १९८२. पैसे घेऊन पर्यटकाला राहायला देता, मग ती एकच खोली का असेना, नोंदणी हवी. एअरबीएनबीवर घर दिसतं म्हणजे नोंदणी झाली असं नाही. ‘आम्ही फक्त ओळखीच्यांना देतो’ ही सबब तर सांगूच नका. ओळखीचे लोक ऑनलाइन रेटिंग देत नसतात, आणि ते रेटिंग खात्याच्या माणसालाही दिसतं.

पहिला गोंधळ वर्गाचा. होमस्टे आणि बेड अँड ब्रेकफास्ट या कल्पनेत घरमालक त्याच घरात राहतो हे गृहीत आहे. केंद्राच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच वास्तूत राहायला हवं, आणि भाड्याच्या खोल्या एक ते सहा, खाटा जास्तीत जास्त बारा. पुण्यात किंवा मुंबईत राहून आसगावात व्हिला घेतला, किल्ली केअरटेकरकडे आहे आणि अर्ज मात्र होमस्टेचा, हे जुळत नाही. अशांनी हॉटेल किंवा गेस्ट हाऊसच्या वर्गातच अर्ज करावा. कागद थोडे जास्त लागतात, पण तपासणीच्या दिवशी ‘मालक कुठे आहेत?’ या प्रश्नावर केअरटेकरची तारांबळ उडत नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीचं ना-हरकतपत्र आधी हातात घ्या. शेजाऱ्यांना रात्री दोन वाजता सुटकेसांची चाकं ऐकायला आवडत नाहीत, आणि हे पत्र नाकारणाऱ्या सोसायट्या वाढत चालल्या आहेत.

आता जमिनीचा कागद. महाराष्ट्रातून आलेली माणसं सातबारा शोधतात. इथे ग्रामीण भागात ‘फॉर्म एक व चौदा’ असतो, शहर सर्वेक्षणाच्या भागात ‘फॉर्म डी’. उतारा काढणं सोपं आहे. अडचण त्यावरच्या नावाची असते. नाव आजोबांचं. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर वारसांची नावं चढवणं, कोणी केलंच नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली कुटुंबव्यवस्था आजही चालते. विवाहाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको मालमत्तेत अर्ध्या-अर्ध्या हिश्शाचे धनी, आणि वडिलांच्या घरात सगळ्या मुलांचा, मुलींचाही, वाटा. त्यामुळे ‘मी थोरला, घर मीच सांभाळतो’ एवढ्याने काम होत नाही. वारसांची निश्चिती २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्याखाली होते. भांडण नसेल तर विशेष नोटरीसमोर वारसाचा दस्त करता येतो, आणि वाटणी करायची असेल तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीची प्रक्रिया. त्यानंतर मामलेदारांकडे (तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे) म्युटेशन.

ज्या घरांत हे झालेलं नाही तिथे सगळ्या सहमालकांचं ना-हरकतपत्र मागतात, आणि सहमालकांच्या जोडीदारांचंही. नेमका हाच कागद कोणाकडे नसतो. एक भाऊ मडगावला, बहीण मुंबईला, धाकटा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला, आणि त्याची बायको कागद न वाचता सही करणारी नाही. तिचं बरोबरच आहे. परदेशातल्या माणसाने कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर ते तिथे अपोस्टिल (परदेशी दस्त खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) करून किंवा भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आणावं लागतं. त्यापुढची गोष्ट हमखास राहून जाते. परदेशात केलेल्या दस्तावर इथे मुद्रांक शुल्क भरायची मुदत तीन महिन्यांची, आणि ती सहीच्या तारखेपासून नाही, कागद भारतात पोचल्यापासून मोजतात. म्हणून कुरिअरचं पाकीट फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरच असते. घर विकत घेणाऱ्यांनीही हेच बघावं: विकणाऱ्याची सही आहे, त्याच्या बायकोची नाही, असा विक्रीदस्त पुढे डोकेदुखी होतो.

उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यावर नजर टाकायला बहुतेक जण विसरतात. तिथे मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची) नोंद असेल तर जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, आणि घर मुंडकाराचं, अशी गाठ असते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क दिला: पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटर, नगरपालिकेच्या हद्दीत २००. हक्क असणं वेगळं, खरेदी होऊन नाव चढणं वेगळं. मामलेदारांकडची खरेदी पुरी झालेली नसेल तर आधी ती करा. पाहुण्यांसाठी नवी खोली काढायचा विचार त्यानंतर. कूळ लागलेल्या जमिनीला तर हातच लावू नका. १९९१ च्या भू-वापर नियमन कायद्याने अशा जमिनीचा शेतीशिवाय वापर बंद केला आहे, आणि २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावरच बंधन आलं. ‘शेत घेऊ, फार्महाऊस बांधू, भाड्याने देऊ’ म्हणणारा दलाल भेटला की चहा प्या आणि उठा.

आता घरपट्टी. लोक घरपट्टीची पावती अशी पुढे करतात की जणू तो राजपत्रातला आदेश आहे. पंचायत घरपट्टी घेते ती इमारत उभी आहे म्हणून. ती कायदेशीर आहे असं त्या पावतीत कुठेही म्हटलेलं नसतं. वीज बिलाचंही तेच. परवान्याचा पुरावा म्हणजे नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा बांधकाम परवाना आणि काम संपल्यावरचा ऑक्युपन्सी दाखला. जमीन बिगरशेती केल्याची सनदही लागते, भू-महसूल संहितेच्या कलम ३२ खाली. जुन्या घरांना यातलं काहीच नसतं, आणि तिथे अधिकारी सर्वेक्षणाचा नकाशा बघतो. सत्तरच्या दशकात झालेल्या सर्वेक्षणात तुमचं घर आखलेलं असेल तर बाजू बरीच भक्कम होते.

पण त्याच नकाशावर परसातली खोली नसते. तपासणीला आलेला माणूस काय करतो ते एकदा बघण्यासारखं आहे. तो नकाशाची प्रत बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या पडवीच्या, बाकावर पसरतो, घराच्या चौकोनावर बोट ठेवतो, मग मागे जाऊन विहिरीपासून पावलं मोजत नव्या खोलीच्या भिंतीशी थांबतो. नकाशात विहीर आहे, न्हाणीघरसुद्धा आहे. खोली नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘याचा परवाना?’ ‘ती पूर्वी गोठाच होती’ हे उत्तर त्याने शंभरदा ऐकलेलं असतं.

परसात वेगळं छोटं घर बांधता येतं का? येतं, पण ‘जागा रिकामी आहे’ हे त्याचं उत्तर नाही. आधी झोनिंग दाखला घ्या: प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये तुमचा भूखंड वस्तीत आहे की बागायतीत की पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात. वस्तीत असेल तर २०१० च्या बांधकाम नियमावलीतली दोन मोजमापं लागू होतात आणि लोक दोन्ही एकच समजतात. एफएआर म्हणजे सगळ्या मजल्यांचं मिळून किती बांधकाम. कव्हरेज म्हणजे बांधकामाने जमिनीवर किती जागा व्यापली. व्हीपी-२ (नियमावलीतला पंचायत गावांचा एक वर्ग) वर्गातल्या गावात एफएआर ६०, कव्हरेज ४० टक्के. समजा भूखंड ५०० चौरस मीटरचा आहे आणि जुनं तळमजली घर २१० मीटर व्यापून बसलंय. एफएआरच्या हिशेबाने ३०० मिळतात, म्हणजे ९० शिल्लक, आणि माणूस खूश होतो. कव्हरेज मात्र २०० ला संपतं. घर आधीच दहा मीटर जास्त. परसात एक वीटही बसत नाही. वाढवायचं तर वर, आणि जुन्या चिऱ्याच्या भिंतींवर वर जायचं की नाही हे इंजिनिअरला विचारा, मेस्त्रीला नको. बसत असेल तरी कुंपणापासूनचं आणि दोन इमारतींमधलं अंतर सोडावं लागतं.

आधीच बांधून बसलेल्यांसाठी २०१६ चा अनधिकृत बांधकाम नियमितीकरण कायदा आहे, आणि त्यातली तारीख लोक चुकीची वाचतात. २८ फेब्रुवारी २०१४ ही अर्जाची शेवटची तारीख नव्हे. त्या दिवशी बांधकाम उभं असायला हवं होतं, असा तिचा अर्थ. अर्जाची मुदत वेगळी असते आणि ती वेळोवेळी वाढवली जाते. ‘२०१४ केव्हाच गेलं, आता काय उपयोग’ म्हणून घरी बसलेल्यांनी उठावं. आणि २०१९ ला बांधलेल्या खोलीचा अर्ज घेऊन आशेने येणाऱ्यांनी फुकट शुल्क भरू नये. त्या तारखेआधीचा पुरावा लागतो: जुनं वीज बिल, जुनी घरपट्टी, बांधकाम दिसणारी छायाचित्रं. कोमुनिदादच्या (गावाच्या सामाईक मालकीच्या) आणि सरकारी जमिनीवरच्या घरांसाठी २०२५ मध्ये वेगळ्या दुरुस्त्या झाल्या, सगळे त्यांना ‘म्हजें घर’ म्हणून ओळखतात. पण ते डोक्यावरचं छप्पर वाचवण्यासाठी आहे. त्यात भाड्याच्या खोल्यांचा हिशेब मांडू नये.

समुद्र आणि नदीकाठच्या लोकांना एक वेगळा इशारा. भरतीरेषेपासून पहिले २०० मीटर म्हणजे ना-विकास क्षेत्र, हे गावांतल्या किनाऱ्यांबाबत बहुतेकांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते हे, की भरतीचं पाणी येणाऱ्या नद्यांनाही सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम, लागू आहेत. शापोराच्या काठी, साळ नदीच्या काठी ‘समुद्र तर लांब आहे’ म्हणून बांधलेली घरं याच कारणाने अडकली. हणजूणमध्ये २०२४ ला उच्च न्यायालयाच्या आदेशाने एकामागून एक बांधकामांना सील लागली, तेव्हा त्यांतल्या कित्येकांकडे घरपट्टीच्या पावत्या होत्याच. गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी नसेल तर पर्यटन खात्याकडे जाऊच नका. स्वतःहून पत्ता कळवल्यासारखं होतं.

हे सगळं जुळलं की उरलेले कागद भराभर होतात: मालकीचा किंवा भाडेकराराचा पुरावा, आराखडा, ओळखपत्र, फोटो, पंचायत किंवा नगरपालिकेचं ना-हरकतपत्र, आरोग्य खात्याचा दाखला, पोलिसांचा दाखला. नाश्ता देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी. आरोग्यवाले विहीर आणि सेप्टिक टँक किती जवळ आहेत ते बघतात, तेव्हा टँकवरचा पालापाचोळा आदल्या दिवशी काढून ठेवा. पंचायतीचं ना-हरकतपत्र पंधरवड्याच्या सभेत ठरतं. सभेच्या आदल्या दिवशी अर्ज टाकला तर तो विषयपत्रिकेवर येत नाही आणि सरळ पंधरा दिवस जातात. सभा कोरमअभावी रद्द झाली तर आणखी पंधरा. सचिवांवर राग काढून काही होत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का तेवढा न विसरता घ्या. ‘तुमचा अर्ज इथे आलेलाच नाही’ हे वाक्य त्या शिक्क्यापुढेच गप्प बसतं.

पैशांचं थोडक्यात. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या उलाढालीची. तुमची नोंदणी नसेल आणि बुकिंग ऑनलाइन कंपनीतून येत असेल तर त्या मुक्कामावरचा कर कंपनीच भरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, त्यावर १८. कर्ज काढून घर घेणाऱ्यांनी डिसेंबरचे दर बाराने गुणू नयेत. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल धरते, पाहुणे कमी आणि रंगकाम जास्त.

नोंदणी मिळाल्यावर प्रमाणपत्रावरची वैधतेची तारीख फोनमध्ये टाका, आणि नूतनीकरण ती उलटण्याआधी करा. पाहुण्यांची वही ठेवा. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात, २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायची. शनिवार-रविवारची सूट नाही. एका रात्रीचा पाहुणा असला तरी भरायची, तो तुमच्या पुतण्याचा मित्र असला तरी भरायची. पासपोर्टच्या पानाबरोबर व्हिसाच्या पानाचाही फोटो दारातच घ्या, कारण तो एकदा स्कूटर घेऊन पाळोळ्याला गेला की रात्रीपर्यंत फोन उचलत नाही.