तुर्कस्तानात राहून तुर्की शिकायचंय? सरकारी शिष्यवृत्तीची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

खिशाला फारशी झळ न लागता तुर्कस्तानात जाऊन तुर्की शिकायची असेल, तर तिथल्या सरकारची ‘तुर्किये बुर्सलारी’ ही शिष्यवृत्ती आधी बघा. नावाला ती पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, पण पहिलं अख्खं वर्ष भाषेचं. मूळ अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी हे वर्ष चुकत नाही. तुर्कीचं सी-१, म्हणजे प्रगत पातळीचं प्रमाणपत्र आधीच हातात असलेल्यांनाच सूट. शिकवणी फी, दरमहा भत्ता, वसतिगृह, आरोग्य विमा आणि एकदा जाण्या-येण्याचं विमानभाडं, सगळं त्यात येतं. माझ्या मते खरी भाषा वर्गापेक्षा वसतिगृहातच पक्की होते. खोलीत वेगवेगळ्या देशांची मुलं असली की तुर्कीवाचून गत्यंतर नसतं.

वयाची अट कडक आहे: पदवीसाठी २१, पदव्युत्तरसाठी ३० आणि पीएचडीसाठी ३५ वर्षांच्या आत. गुण पदवीसाठी किमान ७० टक्के, पुढच्या दोन्ही पातळ्यांना ७५, वैद्यकीय शाखांना थेट ९०. शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज चालतो. तुर्की नागरिकांना आणि त्याच पातळीवर तिथल्या विद्यापीठात आधीच शिकत असलेल्यांना मात्र नाही.

अर्ज फक्त ऑनलाइन, साधारण १० जानेवारी ते २० फेब्रुवारी. फी शून्य. त्यामुळे ‘फॉर्म भरून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

लागतात ती कागदपत्रं: पासपोर्ट किंवा ओळखपत्र, अलीकडचा फोटो, गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, आणि विद्यापीठाने मागितली असेल तर भाषेची किंवा जीआरईसारखी (पदव्युत्तर प्रवेशासाठीची) परीक्षा. पीएचडीला संशोधन आराखडाही.

आपल्याकडची मुलं हमखास अडखळतात ती नावावर. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळाच. फॉर्ममध्ये पासपोर्टप्रमाणेच लिहा. दुसरी गोची सीजीपीएची, म्हणजे सरासरी श्रेणीगुणांची. टक्केवारीचं रूपांतर मनाने करू नका, विद्यापीठाकडून तसं पत्र घ्या.

अर्जातल्या हेतुपत्रात, म्हणजे का शिकायचंय हे सांगणाऱ्या पत्रात, ‘तुर्की संस्कृतीची आवड आहे’ एवढ्यावर भागत नाही. कुठला विषय, तिथेच का, परतल्यावर काय, हे ठोस लिहा. निवडक उमेदवारांची मुलाखत होते आणि तिथे याच पत्रावरून प्रश्न निघतात.

निवड झाल्यावर मूळ कागदपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे ती परदेशात ग्राह्य धरली जावीत म्हणूनचा सरकारी शिक्का, लागू शकतं. त्याआधी राज्य पातळीवरची पडताळणी असते आणि तिला वेळ जातो, म्हणून निकालाची वाट न पाहता चौकशी सुरू करा. विद्यार्थी व्हिसावर पोहोचलात की महिन्याच्या आत ‘इकामेत’, म्हणजे निवास परवान्यासाठी अर्ज करायचा.