अस्थिर प्रदेशांतील हवामान-अनुकूल शेती : पार्श्वभूमी

हवामान-अनुकूल शेतीची संकल्पना संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१० मध्ये हेग येथील परिषदेत जगापुढे मांडली. उत्पादन व उत्पन्न वाढवणे, बदलत्या हवामानात तग धरण्याची शेतीची क्षमता वाढवणे आणि शक्य तेथे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवणे, ही तिची तीन उद्दिष्टे. मात्र आज या नावाखाली मोजल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी काही महत्त्वाच्या पद्धती त्याआधीच साहेलमध्ये, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरडवाहू पट्ट्यात, शेतकऱ्यांनी दुष्काळाच्या रेट्याखाली घडवल्या होत्या. त्या का पसरल्या आणि पुढे कोठे अडल्या, हे समजून घ्यायचे तर सुरुवात तेथूनच करावी लागते.

१९६०च्या दशकाअखेरीस सुरू झालेल्या दीर्घ दुष्काळाने पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाच्या उत्तरेकडील यातेंगा भागातील बरीच जमीन उघडी पडली. तिच्यावर कठीण पापुद्रा धरला आणि पडलेला पाऊसही न मुरता वाहून जाऊ लागला. १९८०च्या सुमारास याकूबा सावादोगो आणि त्यांच्यासारख्या इतर शेतकऱ्यांनी ‘झाई’ ही जुनी पद्धत सुधारून वापरायला घेतली. उन्हाळ्यात, पावसाआधी, त्या टणक जमिनीत वीतभर रुंदीचे किंवा त्याहून थोडे मोठे खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत टाकायचे, खताच्या वासाने आलेल्या वाळवीला माती पोखरू द्यायची आणि पहिल्या पावसात तेथेच ज्वारी किंवा बाजरी पेरायची, अशी ही रीत. काम कंबरडे मोडणारे होते. परंतु पीक त्याच हंगामात हाती येत होते, आणि पद्धत पसरण्याचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे.

शेजारच्या नायजर देशाची कथा वेगळी. वसाहतकालीन वनकायद्याने झाडांची मालकी सरकारकडे ठेवली होती. त्यामुळे आपल्याच शेतातले झाड वाढवण्यात शेतकऱ्याला फायदा नव्हता, उलट तोडल्यास दंडाची भीती होती. १९८३च्या सुमारास मरादी भागात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉदो यांनी जमिनीतील जिवंत बुंध्यांना फुटणारे धुमारे निवडून जपण्याचा प्रयोग शेतकऱ्यांबरोबर सुरू केला. रोपे लावण्याचा खर्च नाही आणि पाणी घालण्याची गरज नाही. त्याच दशकात सरकारची तिजोरी आटली, वनखात्याची पकड सैल झाली आणि झाड आपलेच आहे असे शेतकरी मानू लागले. कायदा नंतर बदलत गेला. पुढे उपग्रह चित्रांवरून अभ्यासकांनी सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्रावर अशी झाडे वाढल्याचा अंदाज मांडला. दुबळे शासन प्रत्येक वेळी अडथळाच ठरते, हे गृहीतक या उदाहरणापुढे टिकत नाही.

सशस्त्र संघर्षाने मात्र नेमक्या त्याच गोष्टी मोडल्या ज्यांवर हा प्रसार उभा होता. मालीत २०१२ मध्ये बंड झाले आणि २०१५ नंतर हिंसाचार बुर्किना फासोत पसरला. मार्च २०२३ पर्यंत तेथे सरकारी नोंदीनुसार २० लाखांहून अधिक लोक देशांतर्गत विस्थापित झाले होते. झाईला शेणखत लागते आणि त्यातले बरेचसे, सुगीनंतर शेतात गुरे बसवणाऱ्या पशुपालकांकडून येत असे. पशुपालक फुलानी समाजावर सशस्त्र गटांना साथ देत असल्याचा सरसकट संशय घेतला जाऊ लागल्यावर शेतकरी आणि गुराखी यांच्यातले हे जुने देवाणघेवाणीचे व्यवहार अनेक ठिकाणी तुटले. शिवाय गावापासून दूरच्या शेतात पावसाआधीचे काही आठवडे खोदकाम करायचे, तर तेथवर निर्धोक जाता यायला हवे आणि पेरलेले आपणच कापू अशी खात्रीही हवी. प्रशिक्षणाने किंवा अनुदानाने ही खात्री मिळत नाही. प्रकल्पांच्या अहवालांत कमी स्वीकाराचे खापर ‘जागरूकतेच्या अभावा’वर फोडले जाते, ते म्हणूनच पटत नाही.

संशोधन संस्थाही यातून सुटल्या नाहीत. कोरडवाहू शेतीवर काम करणाऱ्या ‘इकार्डा’ या आंतरराष्ट्रीय संस्थेला सीरियातील अलेप्पोजवळचे केंद्र सोडावे लागले आणि २०१५ मध्ये तिने नॉर्वेतील स्वालबार्डच्या बीजकोठारातून, जेथे जगभरच्या बियाण्यांचे राखीव नमुने जपून ठेवले जातात, आपले नमुने परत मागवले, त्या कोठारातून बियाणे काढण्याची ती पहिलीच वेळ होती.

युद्धकाळात नवे तंत्र स्वीकारलेच जात नाही, असेही नाही. येमेनमध्ये २०१५ नंतर डिझेल दुर्मीळ आणि महाग झाले, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी सौरपंप बसवले. उत्सर्जनाच्या हिशेबात हा बदल आदर्श ठरावा. पण डिझेलच्या खर्चाने उपशावर आपोआप येणारी मर्यादा त्याबरोबर संपली, उपशाला आवर घालू शकणारी सरकारी यंत्रणा युद्धाने खिळखिळी केली होती, आणि आधीच खोल गेलेले भूजल आणखी खाली जाऊ लागले.