बेस गिटारचा अ‍ॅम्प, कॅब आणि पेडलं

बेसचा आवाज तारेपासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत नेणारी सगळी सामग्री, म्हणजे अ‍ॅम्प, स्पीकरची पेटी (जिला सगळे कॅबच म्हणतात) आणि आवाज बदलणारी पायाखालची पेडलं, या सगळ्याला मिळून बेसवाले रिग म्हणतात. गिटारची रिग आणि बेसची रिग दिसायला भावंडं वाटली तरी काम फार वेगळं आहे. चार तारांच्या बेसची जाड ई तार मोकळी छेडली की साधारण ४१.२ हर्ट्झ, पाच तारांच्या बेसची बी तार ३०.९ हर्ट्झ, आणि गिटारची सगळ्यात जाड तार ८२.४ हर्ट्झ, म्हणजे बेस बरोबर एक सप्तक खाली. आता सूर एक सप्तक खाली गेला की तेवढेच डेसिबल काढायला स्पीकरच्या कोनला (हवा ढकलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याला) चौपट मागेपुढे हलावं लागतं, आणि खर्जाचं सगळं दुखणं हेच आहे. म्हणून या नोंदीत कॅबला जास्त जागा दिलीय, अ‍ॅम्पला कमी. विकत घेताना बहुतेकांचं नेमकं उलटं होतं.

उगम

पहिला बेस अ‍ॅम्प कोणाचा यावर एकमत नाही, आणि त्याचं एक कारण म्हणजे ‘बेस अ‍ॅम्प’ कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नाही. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनी साधारण १९३६ च्या सुमाराला ऑडिओव्हॉक्स या नावाखाली मॉडेल ७३६ हा फ्रेट (सुराच्या जागा दाखवणाऱ्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या) असलेला, आडवा धरून वाजवायचा इलेक्ट्रिक बेस विकायला काढला आणि त्याच्या जोडीला अ‍ॅम्पही होता. तारखेच्या हिशेबाने बघितलं तर प्रश्न इथेच संपतो. पण हे वाद्य फारच थोडं विकलं गेलं आणि पुढच्या कुठल्या अ‍ॅम्पवर त्याचा परिणाम झाल्याचं दिसत नाही, त्यामुळे बरेच जण टटमार्कला पहिला मान देतात आणि खरा इतिहास एव्हरेट हल यांच्यापासून सुरू करतात.

हल स्वतः उभा डबल बेस वाजवायचे. डबल बेस खाली ज्या खुंटीवर टेकतो त्या खुंटीतच त्यांनी पिकअप (कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवला, ‘अ‍ॅम्प्लिफाइड पेग’ म्हणून त्याचं नाव अ‍ॅम्पेग, आणि १९४६ च्या आसपास स्टॅनली मायकेल यांच्याबरोबर त्यासाठीचा खास अ‍ॅम्प बनवायला घेतला. १९४९ पासून कंपनीच अ‍ॅम्पेग बासअ‍ॅम्प कंपनी झाली. म्हणजे खास बेससाठी डोकं लावलेला अ‍ॅम्प आधी उभ्या बेससाठी आला, इलेक्ट्रिक बेससाठी नाही, हे लोक विसरतात. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ चा, आणि त्याच्यासाठीचा बासमन अ‍ॅम्प १९५२ चा, त्यात एकच १५ इंची स्पीकर. तेव्हा ‘आजच्या अर्थाने इलेक्ट्रिक बेस आणि त्याचा अ‍ॅम्प अशी जोडी म्हणून बाजारात टिकलेली पहिली’ असं म्हणायचं असेल तर फेंडर, आणि नुसतं ‘पहिला’ म्हणायचं असेल तर टटमार्क, हे त्यातल्या त्यात बरं वाटतं.

बासमनची पुढची गोष्ट मजेची आहे. १९५४ च्या शेवटाकडे त्यात १५ इंचीच्या जागी चार १० इंची स्पीकर आले, पेटी मागून उघडी, आणि हा अ‍ॅम्प बेसपेक्षा गिटारवाल्यांनीच उचलला. जिम मार्शल यांच्या दुकानात १९६० नंतर जो पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला त्याचं सर्किट जवळजवळ बासमनचंच. बेसवाल्यांना मात्र मागून उघडी पेटी परवडत नाही, कोनच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकांना खाऊन टाकतात आणि खर्ज गायब होतो.

१९६० साली अ‍ॅम्पेगचा बी-१५ पोर्टाफ्लेक्स आला, जेस ऑलिव्हर यांचा, अ‍ॅम्प उलटा करून पेटीतच ठेवता येणारा, पंचवीस-तीस वॅटचा. स्टुडिओत तो अजून शोधला जातो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसिस्ट जेम्स जेमरसन क्लबात बी-१५ वापरायचे, रेकॉर्डिंगला मात्र बहुतेक वेळा सरळ कन्सोलमध्येच (स्टुडिओच्या मिक्सरमध्ये) वाजवायचे. हल यांना रॉक अँड रोल आणि फाटका आवाज दोन्ही आवडत नसत, आणि त्यांनी कंपनी विकल्यानंतर १९६९ साली त्याच नावाने एसव्हीटी निघाला, ३०० वॅट, १४ ट्यूब (काचेचे व्हॉल्व्ह), आणि खाली प्रत्येकी आठ १० इंची स्पीकरच्या दोन पेट्या. एसव्हीटी म्हणजे काय यावरही दोन मतं, जुनं ‘सुपर व्हॅक्यूम ट्यूब’ आणि नंतरचं ‘सुपर व्हॉल्व्ह टेक्नॉलॉजी’. पहिलंच मूळ असावं. रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या दौऱ्यात तो स्टेजवर गेला आणि मग मोठ्या रिगचं चित्र लोकांच्या डोक्यात कायमचं तेच बसलं.

कॅब

स्पीकर आणि पेटी यांचा हिशेब आज थील-स्मॉल पॅरामीटर या नावाने होतो, नेव्हिल थील (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल (१९७० नंतर) यांच्या कामावरून. त्याआधी पेट्या बऱ्याचशा अंदाजाने बनत. त्याच्या जोडीला एक कडक नियम आहे, हॉफमनचा म्हणतात: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. तिसरी सोडावीच लागते. एखादी छोटी हलकी कॅब ‘खूप खोल आणि खूप मोठ्या आवाजाची’ म्हणून सांगितली तर तिला वॅट किती खाऊ घालावे लागतात ते आधी विचारावं.

बंद पेटी आणि पोर्टवाली (हवेसाठी भोक किंवा नळी ठेवलेली) पेटी असे दोन मुख्य प्रकार. पोर्टची कल्पना बेल लॅबमधल्या अल्बर्ट थुरास यांची, पेटंट १९३२ चं. बंद पेटीत खर्ज हळू उतरत जातो, सप्तकाला १२ डेसिबल. पोर्टवाली थोडी खालपर्यंत भरदार राहते आणि मग एकदम कोसळते, २४ डेसिबल. शिवाय पोर्टच्या सुराच्या खाली कोनला मागून हवेचा आधारच उरत नाही, तो नुसता लोंबकळत मोठमोठे हेलकावे खातो आणि कॉइल किंवा कोन फाटायची वेळ येते, आणि हे कानाला कळतही नाही कारण तिथे आवाजच फारसा नसतो. पाच तारा वाजवणाऱ्याने, किंवा बेस नॉब पूर्ण फिरवायची सवय असणाऱ्याने, ३०-४० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर लावावा तो याचसाठी. पेडलबोर्डवरची ही सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात उपयोगाची डबी.

आता गंमत अशी की आठ १० इंची स्पीकरच्या ज्या कॅबला लोक खर्जाचा राजा मानतात ती बंद पेटी आहे आणि अ‍ॅम्पेगच्याच एसव्हीटी-८१०ई च्या आकड्यांत तिचा खर्ज ५८ हर्ट्झला ३ डेसिबल आणि ४० हर्ट्झला १० डेसिबल खाली गेलेला असतो. म्हणजे मोकळ्या ई तारेचा मूळ सूर तिथून जेमतेम निघतो. तरी ऐकताना काही कमी वाटत नाही, कारण बेसच्या तारेत दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा उपसूर) बरेचदा मुळापेक्षा जोरात असतो आणि वरचे हार्मोनिक ऐकून कान मूळ सूर स्वतःच भरून काढतो. ‘दणका’ ज्याला म्हणतात तो ८० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि गर्दीत बेस कुठला वाजतोय हे कळतं ते ५०० ते १००० हर्ट्झच्या मिडमधून (मधल्या पट्ट्यातून). घरी एकट्याने मिड खाली ओढून गुळगुळीत केलेला आवाज बँडमध्ये हरवतो, हे प्रत्येक बेसिस्ट एकदा तरी करून बघतोच.

१० इंची ‘चपळ’ आणि १५ इंची ‘खोल’ हा समज जुना आणि चिवट आहे पण त्याला नुसत्या इंचांचा आधार नाही. १५ इंचीचं कोनक्षेत्र साधारण ८५० चौरस सेंटिमीटर, १० इंचीचं ३४५ च्या आसपास, मग चार १० मिळून झाले १३८० च्या जवळ, एका १५ पेक्षा कितीतरी जास्त. खर्जाची खोली पेटीच्या आकारावर आणि स्पीकरच्या जातीवर ठरते. १५ इंचीचा ‘जाड’पणा खरं तर बरेचदा वरचं कमी असल्याचा परिणाम असतो. चार १० इंचीच्या कॅबखाली एका १५ इंचीची कॅब ठेवायची जुनी पद्धत याच समजातून आली, आणि वेगवेगळ्या कॅब एकमेकांशी फेज (लाटांची पुढे-मागे व्हायची वेळ) जुळवतील याची खात्री नसते, म्हणून दोन सारख्या कॅब बऱ्या. त्याही आडव्या नाही, एकावर एक उभ्या ठेवाव्या: स्पीकर शेजारी शेजारी आले की वरचे सूर डावी-उजवीकडे अरुंद पट्ट्यात जातात, आणि उभ्या ठेवल्या की वरचा स्पीकर वाजवणाऱ्याच्या कानाशी येतो. नाहीतर सगळा आवाज पोटऱ्यांना.

निओडिमियम मॅग्नेटमुळे अलीकडच्या कॅब निम्म्या वजनाच्या झाल्या. आवाजात फरक आहे की नाही यावर वाद चालूच आहे, पाठदुखीवर नाही.

वॅट आणि ओहम

अ‍ॅम्पची वॅट दुप्पट केली तर मिळतात फक्त ३ डेसिबल, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला लागतात साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट. उलट सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) अ‍ॅम्पला तशीच दुसरी कॅब जोडली तर खर्जात ६ डेसिबलपर्यंत फायदा होतो. ९४ डेसिबल संवेदनशीलतेच्या (तेवढ्याच वॅटमध्ये किती आवाज निघतो त्याचा आकडा) कॅबवरचा ५०० वॅटचा अ‍ॅम्प आणि १०० डेसिबलच्या कॅबवरचा १२५ वॅटचा अ‍ॅम्प कागदावर सारखेच.

ओहमचं, म्हणजे कॅब विजेला किती अडवते त्याचं, गणित सोपं आहे तरी तिथेच अ‍ॅम्प जळतात. ८ ओहमच्या दोन कॅब समांतर जोडल्या की ४, दोन ४ च्या जोडल्या की २, एक ८ आणि एक ४ जोडली की २.६७. सॉलिड स्टेट अ‍ॅम्पवर जो किमान आकडा लिहिलेला असतो त्याच्या खाली जायचं नाही, वर चालतं, कॅब नाही लावली तरी चालतं. ट्यूब अ‍ॅम्पचं उलटं, कॅबशिवाय चालू करून वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि ओहमचा स्विच कॅबशी जुळवायचा. पुढे दुसरी कॅब घ्यायचा विचार असेल तर पहिली ८ ओहमची घ्यावी; ४ ओहमवर मिळणारी वॅट ८ वर साधारण निम्मी होते म्हणून लोक हळहळतात, पण ती निम्मी म्हणजे ३ डेसिबलच की. अ‍ॅम्प ते कॅब जाड स्पीकर वायरच लागते, गिटारची शील्ड केलेली केबल नाही.

क्लास डी मधला डी डिजिटलचा नाही, ए-बी-सी नंतरचं पुढचं अक्षर एवढंच. या स्विचिंग अ‍ॅम्पमुळे दोन-तीन किलोच्या हेडमध्ये (स्पीकरशिवायच्या नुसत्या अ‍ॅम्पमध्ये) ५०० वॅट आले. ट्यूबचे ३०० वॅट जास्त वाटतात असं म्हणतात ते खोटं नाही, ट्यूब क्लिप होताना (क्षमतेपलीकडे जाऊन लाटेची टोकं कापली जाताना) हळूहळू फाटते आणि ते फाटणं ऐकायला बरं लागतं, त्यामुळे वाजवणारा तिला हद्दीच्या पुढे ढकलतो.

पेडलं

फझचा, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाचा, जन्मच बेसवर झाला असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. १९६० च्या शेवटी नॅशव्हिलमध्ये एका रेकॉर्डिंगच्या वेळी ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते आणि कन्सोलच्या त्या चॅनलमध्ये बिघाड होऊन आवाज फाटला, बहुतेक वर्णनं ट्रान्सफॉर्मरला दोष देतात. इंजिनियर ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट बनवलं आणि १९६२ मध्ये ते माएस्ट्रो एफझेड-१ म्हणून विकायला आलं. तो बेस फेंडरचा होता असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं, पण फेंडरचा सहा तारांचा बेस १९६१ चा, त्यामुळे डॅनइलेक्ट्रोची शक्यता जास्त. गिब्सनने तर १९६२ च्या सुमाराला ईबी-०एफ नावाच्या बेसच्या पोटातच फझ बसवला होता.

बेसवर फझ किंवा ओव्हरड्राइव्ह घेताना बघायचं ते ब्लेंड नॉब. गिटारसाठीची बहुतेक सर्किटं खालचं कापतात, पेडल दाबलं की बँडचा तळच निघून जातो; स्वच्छ आवाज सोबत मिसळता आला की तळ राहतो आणि वर फाटकेपणा बसतो. मिसळल्यावर आवाज उलट पातळ झाला तर फेज उलटी आहे समजावं.

कॉम्प्रेसरवर, म्हणजे मोठे-लहान आवाज एका पातळीला आणणाऱ्या पेडलवर, बेसवाले फार बोलतात. एकच तांत्रिक मुद्दा: ४१ हर्ट्झच्या लाटेचा एक फेरा २४ मिलिसेकंदांचा असतो, रिलीज (दाबलेला आवाज परत सोडायचा वेळ) त्यापेक्षा झटपट ठेवला तर कॉम्प्रेसर सुराची पातळी सोडून लाटेचाच आकार दाबायला लागतो आणि आवाज फाटतो.

सुराला एक सप्तक खालचा सूर जोडणारा जुना ऑक्टेव्हर (बॉसचा ओसी-२, १९८२) एका वेळी एकच सूर ओळखतो आणि ए तारेच्या खाली अडखळतो, म्हणून चेनमध्ये (पेडलांच्या रांगेत) लवकर, स्वच्छ सिग्नलवर. एन्व्हलप फिल्टर (‘वाह-वाह’ असा आवाज काढणारा, म्यू-ट्रॉन ३ हा १९७२ चा) बोटाच्या जोरावर उघडतो, त्याच्या आधी कॉम्प्रेसर लावला तर त्याला जोरच कळत नाही. फझ फिल्टरच्या आधी की नंतर, यावर दोन्ही बाजूंचे लोक ठाम आहेत. कोरस, डिले वगैरे शेवटी. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट, आतला पिन निगेटिव्ह. डिजिटल पेडलं मिलिअँपिअर जास्त खातात, आणि एका साखळी वायरवर सगळी लटकवली की शिट्टीसारखा आवाज येतो, त्याला आयसोलेटेड सप्लाय, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळा पुरवठा.

पीए (श्रोत्यांसाठीचे मोठे स्पीकर) असलेल्या स्टेजवर लोकांना ऐकू येणारा बेस बरेचदा कॅबमधून नाहीच, डीआयमधून (सिग्नल सरळ मिक्सरला देणाऱ्या डबीतून किंवा सॉकेटमधून) जातो. डीआय ईक्यूच्या (बेस-मिड-ट्रेबलच्या नॉबांच्या) आधी की नंतर हा स्विच असेल तर साउंडवाले आधीचं मागतात. आता प्रीअ‍ॅम्प-डीआय पेडलात कॅबची नक्कल, इम्पल्स रिस्पॉन्स, आलेली असते आणि अ‍ॅम्प न नेताच वाजवणारेही पुष्कळ झालेत. तेच पेडल खऱ्या अ‍ॅम्पच्या रिटर्नमध्ये (सरळ पॉवरच्या भागात जाणाऱ्या इनपुटमध्ये) लावलं तर ती नक्कल बंद करायची, नाहीतर आवाज दोन कॅबमधून गाळून येतो आणि गोधडीखालून वाजवल्यासारखा लागतो.