जॅमा हार्नेस की यूएसबी एन्कोडर? घरच्या आर्केड मशीनचं वायरिंग

घरी आर्केड मशीन बांधताना प्लायवूड कापून, बटणांची भोकं पाडून होईपर्यंत काम सरळ चालतं. गाडी अडते ती वायरिंगपाशी. बाजारात दोन वस्तू शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात, जॅमा हार्नेस आणि यूएसबी एन्कोडर. दोन्हींसोबत रंगीत वायरींचा जुडगा येतो, वायरींच्या टोकाला लग (पत्र्याचे छोटे खुपसायचे जोड) असतात आणि ते बटणाखालच्या मायक्रोस्विचला लागतात. बटणापाशी पाहिलं तर दोन्हींत काडीचा फरक नाही. म्हणूनच रास्पबेरी पाय (छोटा एका-बोर्डाचा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) घेतलेला माणूस हार्नेस घेऊन येतो आणि पार्लरमधला खेळाचा जुना बोर्ड मिळवलेला माणूस एन्कोडर.

फरक वायरीच्या दुसऱ्या टोकाला आहे: एन्कोडर यूएसबीने संगणकाला लागतो, हार्नेस खेळाच्या बोर्डाला. एन्कोडरमधून फक्त बोटांची हालचाल जाते. हार्नेसमधून अख्खं मशीन जातं: वीज, चित्र, आवाज, नाणं, स्टिक आणि बटणं.

जॅमा हे जपानी आर्केड उत्पादकांच्या संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. या संघटनेचा कनेक्टर 1985 पासून रूढ झाला. त्याआधी जवळपास प्रत्येक कंपनीची जोडणी निराळी होती, खेळ बदलायचा तर वायरिंगही बदलावं लागे. जॅमात 56 पिनांचा एज कनेक्टर असतो, तो बोर्डाच्या कडेवर बसतो. बोर्डाच्या सुटे भाग असलेल्या बाजूला 1 ते 28 आणि सोल्डरच्या बाजूला अक्षरांच्या 28 पिना. 1 आणि 2 ग्राऊंड, 3 आणि 4 पाच व्होल्ट, 6 बारा व्होल्ट. 12 वर लाल, तिच्यामागे हिरवा, 13 वर निळा आणि तिच्यामागे सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल). 18 ते 21 वर स्टिकच्या चार दिशा, 22 ते 24 वर तीन बटणं. दुसऱ्या खेळाडूच्या पिना याच क्रमाने मागच्या बाजूला.

7 नंबरच्या जागी पिन नसते, खाच असते. त्या खाचेत प्लास्टिकची किल्ली बसवायची म्हणजे कनेक्टर उलटा शिरत नाही. स्वस्त हार्नेसमध्ये ही किल्ली बरेचदा नसते, आणि बोर्ड जळतात ते इथेच. कनेक्टर उलटा लावला की 6 नंबरची जागा 23 वर येते, म्हणजे बारा व्होल्ट थेट दोन्ही खेळाडूंच्या दुसऱ्या बटणाच्या इनपुटवर. पाच व्होल्टच्या चिपचा तिथेच निकाल लागतो. किल्ली नसेल तर प्लास्टिकची पातळ पट्टी कापून 7 च्या जागी बसवा, आणि कनेक्टरच्या एका टोकाला लाल रंगाने ‘1’ लिहून ठेवा. बोर्ड लावण्याआधी रिकाम्या कनेक्टरवर मल्टिमीटर धरून 3 वर पाच आणि 6 वर बारा व्होल्ट येताहेत ना, हेही पाहून घ्या.

पाच व्होल्टचं माप वीज देणाऱ्या सप्लायपाशी घेऊन भागत नाही. बोर्ड चालू असताना, कनेक्टरच्या पिनेवर घ्यायचं. लांब, बारीक वायरीत दाब पडतो आणि 4.75 च्या खाली गेला की खेळ मधेच रीसेट होतो किंवा चित्रात कचरा दिसतो. लोक बोर्डाला दोष देतात, दोष वायरीचा असतो. सप्लायवरचा छोटा स्क्रू फिरवून बोर्डापाशी 5.0 ते 5.1 आणायचा. त्याने बारा व्होल्टही थोडे सरकतात, तेही पाहायचे. सप्लायवर 110 आणि 220 चा खटका असेल तर आपल्याकडे तो 220 वर हवा, आणि सप्लायची धातूची पेटी अर्थिंगला जोडलेली हवी.

चित्राचंही तसंच. खऱ्या जुन्या बोर्डाचं चित्र बहुधा 15 किलोहर्ट्झवर (पडद्यावर ओळी काढण्याचा वेग) येतं. संगणकाच्या मॉनिटरचं व्हीजीए साधारण 31 पासून पुढे, त्यामुळे थेट जोडलं तर पडदा काळा. मध्ये जीबीएस 8200 सारखा कन्व्हर्टर लागतो. शिवाय जॅमाचा रंगाचा सिग्नल व्हीजीएच्या 0.7 व्होल्टपेक्षा बराच जोरकस असतो. चित्र पांढुरकं, भडक दिसलं तर कन्व्हर्टरवरचे रंगांचे स्क्रू कमी करायचे. आवाज मात्र बोर्डातूनच वाढवून येतो. 8 ओहमचा स्पीकर थेट लावावा, पण त्याची उणे वायर ग्राऊंडला जोडू नये.

एन्कोडरला यातलं काही नाही. तळहाताएवढा बोर्ड, एक यूएसबी केबल. पाय किंवा संगणक त्याला जॉयस्टिक म्हणून ओळखतो, आय-पॅकसारखे काही एन्कोडर कीबोर्ड म्हणून दिसतात. चित्र एचडीएमआयमधून निघतं, आवाजाला वेगळा अँप्लिफायर लागतो, वीज पायच्या स्वतःच्या चार्जरमधून. बटणांत बारा व्होल्टचे दिवे असतील तर त्यांचा सप्लाय वेगळा ठेवा. त्यातली एक वायर एन्कोडरच्या पिनेला लागली तर एन्कोडर जाईल, आणि सोबत पायही जाऊ शकतो.

एन्कोडरची खरी डोकेदुखी दोन खेळाडू झाले की सुरू होते. एकाच जातीचे दोन एन्कोडर लावले की दोन्हींचं नाव तेच. लिनक्समध्ये जो आधी सापडेल तो पहिला खेळाडू, त्यामुळे कधी मशीन सुरू केल्यावर डावी बाजू दुसऱ्याची झालेली असते. यूएसबी पोर्ट ठरवून घेऊन त्या पोर्टनुसार नियम लिहायचा, किंवा दोघांसाठी मिळून एकच एन्कोडर घ्यायचा. दुसरा मार्ग जास्त बरा.

आता दोन्हींना समान असलेली जागा, मायक्रोस्विच. त्याला तीन पाय: कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड. ग्राऊंड कॉमनला, सिग्नल ओपनला. चुकून क्लोज्डला लावलं तर बटण सतत दाबलेलं दिसतं आणि दाबल्यावर सुटतं. सगळ्या बटणांचं ग्राऊंड एकाच वायरीने साखळीत फिरवता येतं. एका ठिकाणापासून पुढची सगळी बटणं मेली तर समजा, त्याच्या आधीचा लग सुटलाय. लग घेताना माप बघा: सान्वा या जपानी कंपनीच्या धाटणीच्या बटणांना 2.8 मिलिमीटर, अमेरिकी धाटणीच्यांना 4.8 किंवा 6.3. मोठा लग पकडीने दाबून बसतो, पण महिनाभराच्या खेळात निसटतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी योग्य मापाचे लग सुटे मिळतात, चार पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

स्टिकचं वायरिंगही दोन्हींकडे सारखंच फसवतं. दांडा मधल्या बिंदूवर झुलतो, म्हणून मूठ वर नेली की खालचं टोक खाली सरकतं आणि खालच्या बाजूचा स्विच दाबला जातो. ‘वर’ची वायर खालच्या स्विचला, ‘डावी’ची उजव्याला. त्यात पॅनेल उलटं करून काम करत असाल तर डावं-उजवं आणखी एकदा फिरतं. मूठ हलवून कोणता स्विच टिक करतो ते कानाने ऐका, मगच लग लावा.

पार्लरमधल्या मशीनचा खरा बोर्ड चालवायचा असेल तर जॅमा हार्नेसला पर्याय नाही. एकाच बोर्डात शेकडो खेळ देणारे चिनी बोर्डही बरेचसे जॅमा कनेक्टरचेच असतात, फक्त चित्र व्हीजीए किंवा एचडीएमआयमधूनही देतात, त्यामुळे कन्व्हर्टर वाचतो. पण त्यांत एक मेख आहे. मूळ जॅमात बटणं तीनच आणि 27 नंबर म्हणजे ग्राऊंड. असे अनेक बोर्ड 25, 26 आणि 27 वर चौथं, पाचवं, सहावं बटण घेतात. हार्नेसमध्ये 27 ग्राऊंडला बांधलेला असेल तर सहावं बटण कायम दाबलेलं राहतं. 27 आणि तिच्यामागची पिन ग्राऊंडपासून तोडून बटणांना द्यायची, 28 ग्राऊंड राहू द्यायची. 1991 च्या स्ट्रीट फायटर टूच्या मूळ बोर्डाला मात्र लाथेच्या तीन बटणांसाठी वेगळी जोडणी आहे, ती 25 ते 27 वर शोधू नका. आपल्याकडे ‘मुस्तफा’ म्हणून गाजलेला 1993 चा खेळ तिघांचा. जॅमात दोघंच मावतात, तिसऱ्यासाठी त्याच्या बोर्डावर निराळा कनेक्टर आहे.

खेळ पायवर किंवा संगणकावर असतील तर एन्कोडर घ्या, हार्नेसवर पैसे घालू नका. आधीच हार्नेस लावलेलं जुनं कॅबिनेट हातात असेल आणि आत संगणक बसवायचा असेल, तर वायरी उपटू नका. जे-पॅक नावाचा बोर्ड जॅमा कनेक्टरच्या जागी बसतो, बटणं कीबोर्ड म्हणून संगणकाला देतो आणि चित्र उलट दिशेने कॅबिनेटच्या मॉनिटरकडे नेतो. जुना मॉनिटर 15 किलोहर्ट्झचा असेल तर संगणकाचं आउटपुट आधी तितक्यावर आणून ठेवा, मगच केबल जोडा.