सहा पावड्यांचा हिशेब : हातमागावरील बांधणीची पार्श्वभूमी

पायाने चालणाऱ्या मागावर कापडाची वीण तीन गोष्टींनी ठरते : ताण्याचा, म्हणजे उभा, कोणता धागा कोणत्या शाफ्टमध्ये (धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीत) ओवला आहे, कोणती पावडी (पायाने दाबायची पट्टी) कोणत्या शाफ्टना बांधली आहे आणि पावड्या कोणत्या क्रमाने दाबायच्या. यांतली मधली गोष्ट, म्हणजे बांधणी, विणकराला मागाखाली बसकण मारायला लावते आणि म्हणूनच ती शक्यतो एकदाच करावी, असे प्रत्येकाला वाटते. चार शाफ्टांच्या मागाला आज बहुधा सहा पावड्या असतात आणि त्यांच्या बांधणीचा एक ठरलेला तक्ताही असतो. हा सहाचा आकडा कुठून आला, ते पाहण्यासारखे आहे.

पावडी स्वतः फार जुनी आहे. चीनमधील हान काळातील दगडी शिल्पपटांवर पावडीचे माग कोरलेले आढळतात. युरोपात आडवा पावडीमाग तेराव्या शतकापर्यंत चांगलाच रुळला होता. त्या मागात शाफ्ट जोडीजोडीने कप्प्यांवरून किंवा रुळांवरून टांगलेले असत, त्यामुळे एक खाली ओढला की त्याचा जोडीदार आपोआप वर जाई आणि धाग्यांमध्ये फट पडून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला वाट मिळे. रचना साधी आणि पायाला हलकी होती, पण तिची एक अट होती : जितके शाफ्ट खाली, तितकेच वर.

चार शाफ्टांपैकी प्रत्येक वर किंवा खाली असू शकतो, म्हणजे एकूण १६ शक्यता. सगळे वर आणि सगळे खाली या दोन निरुपयोगी वगळल्या तर १४ उरतात. त्यांपैकी दोन वर, दोन खाली अशा समतोल जोड्या नेमक्या सहा : १-२, २-३, ३-४ आणि ४-१ या चार तिरप्या विणीच्या, म्हणजे ट्विलच्या, तर १-३ आणि २-४ या साध्या विणीच्या. कप्प्यांच्या मागाला जे नीट जमते ते सारे या सहांत येते. उरलेल्या आठ शक्यतांत एक शाफ्ट तिघांच्या विरुद्ध जातो आणि त्या मागावर वाट अर्धवट, तिरकी उघडते. माझ्या मते ठरलेल्या तक्त्याचे मूळ या मर्यादेत आहे. पुढे माग बदलले तरी तक्ता मात्र तसाच चालत राहिला.

मार्क्स त्सीग्लर याचे विणीच्या आराखड्यांचे पुस्तक १६७७ मध्ये जर्मनीतील उल्म येथे छापले गेले आणि तोवर कारागिरांच्या वह्यांत राहिलेली माहिती छापील पानावर आली. अमेरिकेत जॉन हारग्रोव्ह याचे तसे पुस्तक १७९२ मध्ये बाल्टिमोरला निघाले. तिथल्या घरगुती विणकरांच्या हाती मात्र बहुधा पुस्तक नसे, कागदाची अरुंद पट्टी असे. ती मागाला टाचणीने लावायची आणि ओवणी जसजशी पुढे जाईल तशी टाचणी सरकवायची. अशा पुष्कळ पट्ट्यांवर केवळ ओवणीच लिहिलेली आहे, बांधणीचा पत्ता नाही. ती सगळ्यांना ठाऊकच होती, आणि दाबण्याचा क्रमही ‘जसे ओवले तसेच तुडवायचे’ असा असल्याने वेगळा लिहावा लागत नसे.

समतोलाची अट मोडणारा दुतर्फी बांधणीचा माग स्कँडिनेव्हियात विशेष रुळला. त्यात प्रत्येक शाफ्टसाठी पावड्यांच्या वर दोन आडवे दांडे असतात, एक शाफ्टला खाली ओढणारा आणि दुसरा माथ्यावरच्या तरफांमार्फत वर उचलणारा. प्रत्येक पावडी प्रत्येक शाफ्टच्या दोहोंपैकी एका दांड्याला बांधावीच लागते. त्यामुळे चार शाफ्ट आणि सहा पावड्यांना २४ दोऱ्या लागतात, तर आठ शाफ्ट आणि दहा पावड्यांना ८०. त्यांतली एखादी बोटभर आखूड राहिली की त्या पावडीवर एकच शाफ्ट उंच जातो आणि धोटा धाग्यांत अडकतो. विसाव्या शतकात अमेरिकेत पसरलेल्या जॅक मागाने हे काम कमी केले : शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली बसलेले, पावडी फक्त उचलायचे काम करते, आणि ठरलेल्या तक्त्याला १२ दोऱ्या पुरतात. त्याची किंमत ताण्यात मोजावी लागते, कारण लिननसारखा ताणा घट्ट ताणला तर शाफ्ट पुरते खाली बसत नाहीत.

या बदलाने आराखड्यांची लिपीही दुभंगली. जुन्या आणि स्कँडिनेव्हियन आराखड्यांत भरलेला चौकोन म्हणजे खाली जाणारा शाफ्ट. जॅक मागाच्या आराखड्यांत गोल खूण म्हणजे वर जाणारा. खूण उलटी वाचली तर कापडाची उलटी बाजू वर येते. दोनावर दोन ट्विलमध्ये, म्हणजे दोन शाफ्ट वर आणि दोन खाली असताना, हा घोटाळा ध्यानातही येत नाही, कारण १-२ च्या जागी ३-४ येते आणि क्रम केवळ दोन पावले सरकतो. एकावर तीनच्या ट्विलमध्ये मात्र बाण्याऐवजी, म्हणजे आडव्या धाग्याऐवजी, ताणाच वर दिसू लागतो.

आपल्याकडे येवल्याच्या पैठणीला हा प्रश्न पडलाच नाही. तिची जमीन साध्या विणीची, आणि पदरावरचे मोर रंगीत कांड्या हाताने गुंफून काढलेले. त्यामुळे नक्षीचा सगळा भार बोटांवर असतो आणि पायांना दोन पावड्या पुरतात.

आठ शाफ्टांवर गणित हाताबाहेर जाते, कारण उपयोगी शक्यता २५४ होतात आणि तितक्या पावड्या कोणत्याही मागाखाली मावत नाहीत. त्यावर जुना तोडगा असा की काही पावड्यांना एकेकच शाफ्ट बांधायचा आणि दोन्ही पाय एकाच वेळी दाबून हवी ती जोडी जुळवायची. दोऱ्या वाचतात, मागाखालच्या फेऱ्याही वाचतात. मात्र प्रत्येक धोट्यागणिक दोन पावले लक्षात ठेवावी लागतात.