काटा असताना पट्टी कशाला?

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आता तिथे वैमानिक घडतात. कापणीला वाकलेली माणसं डोक्यावरच्या घरघरीकडे मान वर करूनही पाहत नाहीत. लहान विमान शिकणाऱ्याला लवकरच लागणारी सवय म्हणजे टाकीचं झाकण उघडून, खुणा केलेली पट्टी बुडवून इंधन पाहायचं. समोर इंधन दाखवणारा काटा असतानाही!

याचं मूळ जुनं आहे. १९३८ च्या पायपर कब या छोट्या विमानात विजेवर चालणारा काटा नव्हताच. टाकीच्या झाकणातून एक तार वर आलेली असे आणि तिच्या खालच्या टोकाला बूच. पेट्रोल घटेल तशी तार खाली. पुढे काटे आले, पण हेलकाव्यांत तेही नाचतात. अमेरिकी नियम सांगतो, सरळ उड्डाणात वापरण्याजोगं पेट्रोल संपलं की काटा शून्यावर हवा. मधले आकडे चुकले तरी चालतं, असा अर्थ काहींनी त्यातून काढला. मला तो ओढूनताणून काढलेला वाटतो.

म्हणून हिशेब घड्याळावर. सेसना १५२ या दोन आसनी विमानाच्या साध्या टाक्यांत वापरण्याजोगं पेट्रोल सुमारे ९३ लिटर, तासाला खर्च साधारण २३. म्हणजे चार तास. त्यातून दिवसाच्या उड्डाणासाठी अर्ध्या तासाचा राखीव साठा वजा. चढताना जास्त जळतं, इंजिनात जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ केलं नाही, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी केलं नाही, तरी जास्त जळतं, आणि समोरून वारा असला तर तेवढ्याच पेट्रोलात गाव लांब जातं. गणित चुकतं ते इथेच.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ ते २०१५ चे अपघात तपासले. इंधनामुळे झालेले अपघात वर्षाला सरासरी पन्नासहून जास्त निघाले. त्यांत शिकाऊ वैमानिक फक्त २ टक्के. व्यावसायिक किंवा त्यावरचा परवाना असलेले ४८ टक्के. शिकाऊ पोरगा घाबरून पट्टी बुडवतो, मुरलेला अंदाजावर जातो, असं आपलं माझं मत.

पेट्रोल असूनही इंजिन बंद पडतं, तो प्रकार वेगळा. जुन्या मोटारसायकलच्या रिझर्व्हसारखा इथेही कॉक असतो. काही विमानांत डावी किंवा उजवी अशी एकच टाकी निवडावी लागते; ती संपली की दुसरी भरलेली असूनही इंजिन थांबतं. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात समुद्रात कोसळून गेला. त्याच्या विमानात हा कॉक वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता, तोही घट्ट. पातळी दाखवणाऱ्या नळ्याही पाठीमागेच, म्हणून त्या पाहायला त्याला छोटा आरसा दिला होता. टाक्या भरून घ्यायला त्याने नकार दिला होता. कॉक फिरवायला वळताना ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष.

३,००० फुटांवर इंजिन थांबलं, तर वारा नसताना सेसना १७२ साधारण ८ किलोमीटर तरंगत जाते. गोंदिया-भंडाऱ्याकडे तेवढ्या टप्प्यात सापडतील त्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. त्यांत पुढचं चाक धुऱ्याला, म्हणजे बांधाला, अडलं की विमान उलटण्याची भीती.